अर्जाविना प्रवेश

बालवर्गाच्या प्रवेशाचा हंगाम आला, की शिफारसपत्रासाठी पालक धर्मगुरूच्या दारी येतात. तीन वर्षांच्या लेकरासाठी जन्मदाखला, बाप्तिस्म्याचा दाखला, छायाचित्रे आणि वर आईवडिलांची मुलाखत! अशी पत्रे मीही लिहिली आहेत. ती लिहिताना आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्याचा इतिहास हटकून आठवतो.

डॉ. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोमच्या सान लोरेन्झो या कामकरी वस्तीत बालगृह उघडले. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. राजकोटचे प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. रोममध्ये गरिबांसाठी निघालेले हे शिक्षण आपल्याकडे मात्र मुख्यतः शहरी, सुस्थित घरांतच रुजले. ताराबाईंनी म्हणूनच १९४५ साली बोर्डी गाठली. अनुताई वाघ त्यांना लाभल्या.

१९५७ साली दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली मुले बालवाडीत येत ना. मोठी गुरांमागे जात, नाहीतर धाकट्या भावंडांना सांभाळत. तेव्हा बालवाडीच पाड्यावर गेली. झाडाखाली वा अंगणात मुलांना स्वच्छ करायचे, गाणी म्हणायची आणि पाने, बिया, खडे हीच साधने मांडायची. धाकट्यांसाठी पाळणाघर निघाले, गुराख्यांसाठी कुरणशाळा. ‘अंगणवाडी’ हा शब्द ताराबाईंचा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर पोहोचला.

बोर्डी आणि कोसबाड २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत. ठाणे जिल्ह्यात उरलेल्या शहापूर-मुरबाडचे पाडेही तसेच आहेत. भातसानगर ही धरणाच्या कामासोबत वसलेली वसाहत. येथले पाणी मुंबईला जाते. त्याच परिसरातील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांकडे निघतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. आईबापांबरोबर मूलही जाते. पाड्यावरच्या अंगणवाडीत त्याचे नाव असते. मूल भट्टीवर, मातीच्या ढिगाशेजारी. तेथे त्याच्यासाठी अर्ज कोण लिहिणार आणि शिफारस कोण करणार?

ताराबाईंनी वारली पालकांना दोष दिला नाही. मूल का येत नाही ते पाहिले आणि शाळेची जागा बदलली. आज पाडाच सहा-सात महिने भट्टीवर असतो. मग बालवाडीनेही त्याच्यामागे तेथवर जायला हवे. पुढचे शिफारसपत्र लिहायला बसेन, तेव्हा दाराशी कधीच न आलेले ते मूलही मला आठवावे, एवढीच प्रार्थना.