पूररेषा : घर बांधताना कुणाला विचारायचं?

आजचा विषय वरवर पाहता इंजिनिअर मंडळींचा आहे, पण त्याच्या पोटात नीतीचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. नदीकाठी घर बांधायचं तर परवानगी कुणाची घ्यायची? सातारा-सांगलीच्या कृष्णाकाठानं याची वेगवेगळ्या काळात वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. ती क्रमानं बघू.

पहिलं उत्तर कागदावर नव्हतं, जमिनीवर होतं. आपण काळी आणि पांढरी म्हणतो. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. नदीकाठच्या जुन्या गावांचं गावठाण बहुधा उंचवट्यावर सापडतं, आणि खालची मळई शेतीला सोडलेली असते. पूर आला तर पीक जाई, पण गाळ मिळे. नुकसान कुठं सोसायचं हे गावानं आधीच ठरवलेलं असे.

दुसरं उत्तर वाईला आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली कृष्णेच्या घाटावर गणपतीचं मंदिर बांधलं. त्यालाच आपण ढोल्या गणपती म्हणतो. मंदिराची मागची भिंत माशाच्या आकाराची, टोकदार आहे. पुराचं पाणी त्या टोकावर दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. म्हणजे बांधणाऱ्यानं गृहीतच धरलं होतं की पाणी येणार, आणि त्याला वाट द्यावी लागणार. अर्थात रास्त्यांकडे पैसा होता. काठावरच्या मातीच्या घराला अशी भिंत परवडणारी नव्हती, हेही विसरू नये.

तिसरं उत्तर कागदाचं. महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्यानं १९८९ मध्ये परिपत्रक काढलं आणि नकाशावर दोन रेषा आल्या. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, किंवा पात्राच्या क्षमतेच्या दीडपट पाण्याची, यांतली जी वरची ती. लाल रेषा सरासरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध, तिथं बाग, मैदान, वाहनतळ अशा मोकळ्या वापराला वाव. निळी आणि लाल यांच्यामधला पट्टा नियंत्रित. २०२० च्या एकत्रीकृत नियमावलीनुसार तिथं बांधता येतं, मात्र जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटिमीटर वर हवं.

आता इथं एक घोटाळा होतो, आणि तो भाषेचा आहे. 'शंभर वर्षांतून एकदा' म्हटलं की माणूस म्हणतो, एकदा येऊन गेला, आता नातवंडांच्या काळात बघू. त्या शब्दांचा अर्थ तसा नाही. अर्थ असा की दर वर्षी शंभरात एक शक्यता. घर ५० वर्षं उभं राहणार असेल, तर तेवढ्या काळात तसा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के होते. निळ्या रेषेचा पूर २५ वर्षांत गाठण्याची शक्यता ६४ टक्के. गेल्या पुराची आठवण नदी ठेवत नाही, आणि हा हिशेबही ठेवत नाही.

सांगलीला हे समजावून सांगायला नको. १९२९ च्या आयर्विन पुलावर इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. पावसाळ्यात 'आयर्विनला पाणी किती?' हा घराघरातला प्रश्न असतो. २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही वेळा पाणी ५० फुटांच्या वर गेलं. २०१९ मध्ये तर ५७ फुटांपलीकडे.

मग चुकतंय कुठं? माझ्या मते, आपण विचारतो त्या प्रश्नात. आजचा नियम प्रत्येक घराला विचारतो : पाणी तुझ्यापर्यंत येईल का? वाईची भिंत दुसरा प्रश्न विचारते : तुझ्यामुळे पाणी कुठं जाईल? जोतं उंच करायचे दोन मार्ग आहेत. घर खांबांवर उचललं तर पाणी खालून जातं. मुरमाचा भराव टाकला तर तेवढं पाणी शेजाऱ्याकडे सरकतं. एका प्लॉटच्या भरावानं नदीला काही फरक पडत नाही. अख्ख्या कॉलनीनं टाकला की पडतो. प्रत्येक घर नियमात, आणि सगळी मिळून अपाय! तत्त्वज्ञानात ही जुनी अडचण आहे. इथं ती ओढ्या-नाल्यांच्या काठी उभी आहे.

आणि सोसतो कोण? ज्याला गावठाणात जागा परवडली नाही, तो सखल भागात गुंठा-दोन गुंठे घेतो. गुंठेवारी नियमित करायचा कायदा २००१ मध्ये झाला, २०२१ मध्ये त्याची मुदत २०२० अखेरच्या बांधकामांपर्यंत वाढली. कागद नियमित झाला म्हणून जमीन उंच होत नाही. त्या माणसाला नुसतं 'बेकायदा' म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण प्लॉट पाडणारा, विकणारा आणि डोळेझाक करणारा, हे तिघे पाण्यात उभे नसतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. रेषा हवीच. पण परवानगीच्या अर्जात दुसराही प्रश्न असावा, आणि विक्रीच्या कागदावर निळी-लाल रेषा ठळक दिसावी. काळी-पांढरीच्या काळात जोखीम सगळ्या गावाला माहीत असे. आज ती फक्त नकाशाला माहीत असते, आणि घेणाऱ्याला पाणी दारात आल्यावर कळते.

इथं थांबतो. आता आपले प्रश्न घेऊ.