बोटांखालची बाराखडी

दृष्टिहीन मुलांच्या शाळांचा इतिहास बहुधा दानशूरांच्या नावांनी लिहिला जातो. परंतु वर्गात प्रत्यक्ष काय शिकवता येत होते हे पाहायचे, तर त्या शाळांतील लिपीचा माग काढावा लागतो. व्हॅलेंटाइन हाउई याने १७८५ च्या सुमारास पॅरिसमध्ये अंध मुलांसाठी शाळा काढली, तेव्हा त्याने नेहमीचीच रोमन अक्षरे कागदावर ठसठशीत उठवून घेतली. ती चाचपडत वाचता येत, पण मुलांना स्वतः लिहिता येत नसत. डोळ्यांसाठी घडलेले वळण बोटांवर लादण्याचा तो प्रकार होता. याच संस्थेत शिकलेल्या लुई ब्रेलने १८२९ मध्ये सहा टिंबांची लिपी प्रसिद्ध केली; तिचे प्रत्येक चिन्ह बोटाच्या एका पेराखाली मावते आणि ते विद्यार्थ्याला स्वतःला उमटवता येते.

भारतात ही लिपी मुख्यतः मिशनऱ्यांबरोबर आली. अमृतसरला १८८७ मध्ये, तर मुंबईत १९०० मध्ये अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांच्या पुढाकाराने अंधशाळा सुरू झाली, आणि १९०२ मध्ये ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा उभी राहिली. मात्र भारतीय भाषांसाठी ब्रेलची रूपे ज्याने त्याने आपापल्या सोयीने बसवल्यामुळे एका शाळेत शिकलेल्या मुलाला दुसऱ्या शाळेतले पुस्तक परकेच राहण्याची वेळ येई. १९५१ मध्ये युनेस्कोच्या बैरूत परिषदेत झालेल्या विचारविनिमयानंतर भारती ब्रेल, म्हणजे भारतीय भाषांतील समान उच्चारांना समान चिन्हे देणारी पद्धत, स्वीकारली गेली. त्याच वर्षी डेहराडूनला ब्रेल छापखानाही सुरू झाला.

भारती ब्रेलमध्ये बाराखडीची घडण मोकळी होते. काना, मात्रा, वेलांटी ही अक्षराला वर-खाली चिकटत नाहीत. त्यांच्या जागी व्यंजनापुढे स्वराचे पूर्ण चिन्ह येते. त्यामुळे ‘मराठी’ हा शब्द म, र, आ, ठ, ई असा पाच घरांत बसतो, आणि ‘कि’ लिहिताना ‘क’नंतर ‘इ’ येते (ऱ्हस्व वेलांटीला अक्षराआधी बसण्याचा देवनागरीतला मान येथे मिळत नाही). लिहिण्यासाठी बिजागरीने जोडलेल्या दोन पट्ट्यांची ब्रेल पाटी लागते: मधे जाड कागद सरकवायचा आणि वरच्या पट्टीच्या खिडक्यांतून स्टायलस नावाच्या बोथट टोचणीने टिंबे दाबायची. टिंब कागदाच्या मागल्या बाजूस उठत असल्याने लेखन उजवीकडून डावीकडे, तेही आरशातल्यासारखे उलटे करावे लागते, आणि कागद पालटला की वाचन डावीकडून उजवीकडे होते. ही उलटापालट लहान वयात हाताला अंगवळणी पडावी लागते, म्हणून स्वतंत्र शाळा आणि तिचा प्रशिक्षित शिक्षक यांचे महत्त्व टिकून राहिले.

१९७४ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक शिक्षणाची योजना आणली, म्हणजे अपंग मुलांना आवश्यक साहित्य व मदत देऊन सर्वसाधारण शाळेतच शिकवण्याचे धोरण आखले. १९९५ व २०१६ च्या कायद्यांनी त्याला हक्काचे रूप दिले. त्यातून मूल गावातल्या वर्गात बसू लागले, पण तेथील शिक्षकाला सहसा ब्रेल येत नाही. परिणामी वर्षभर पाटीवर टोचून लिहिणारे मूल परीक्षेला बसते तेव्हा उत्तरे तोंडाने सांगते आणि शेजारचा लेखनिक ती देवनागरीत उतरवतो.