भिंतीवरच्या शेगडीचा इतिहास

हिवाळा तोंडावर आला की एक प्रश्न हमखास कानावर येतो : "आई-बाबा या वर्षी थंडीत इथेच राहणार आहेत. बेसमेंटमधली खोली त्यांना द्यायची आहे. भिंतीवर विजेचा हीटर बसवला तर चालेल ना?" चालेल. पण आधी भिंतीच्या आत काय आहे ते पाहायला हवे, आणि ते का, हे समजायला थोडा इतिहास उपयोगी पडतो.

आपल्याकडे खोली तापवण्याची पद्धत फारशी नाही. अंघोळीला बंब किंवा गिझर, आणि थंडी वाजलीच तर स्वेटर आणि गोधडी. कॅनडाला मात्र ही गरज पहिल्यापासूनची. ओटावाच्या टॉमस अहर्न यांनी वॉरन सोपर या भागीदारासह १८९१ मध्ये तिथे विजेची ट्रॅम सुरू केली आणि पुढे ट्रॅमचे डबेही विजेवर तापवले. १८९२ च्या ऑगस्टमध्ये विजेवर शिजवलेली मेजवानी ओटावाच्या विंडसर हॉटेलात वाढली गेली.

मग घरोघरी विजेच्या शेगड्या लगेच का आल्या नाहीत? अडचण तारेची होती. लोखंडी तार लाल होईपर्यंत तापवली की तिच्यावर गंज चढतो, त्याचे पापुद्रे निघतात, आतले लोखंड पुन्हा उघडे पडते आणि शेवटी तार तुटते. प्लॅटिनम टिकते, पण परवडत नाही. १९०६ मध्ये अमेरिकेच्या अल्बर्ट मार्श यांना निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूचे पेटंट मिळाले आणि हा प्रश्न सुटला. ही तार तापली की तिच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर बसतो. तो सुटत नाही आणि आतल्या धातूपर्यंत हवा पोचू देत नाही. म्हणजे गंजच चिलखत बनतो! टोस्टर, इस्त्री आणि आपला भिंतीवरचा हीटर या सगळ्यांच्या पोटात आजही याच कुळातली तार असते.

दुसरी गरज स्वस्त विजेची. मुंबईच्या गिरण्यांना टाटांची खोपोलीची वीज १९१५ मध्ये मिळू लागली. त्याआधी थोडे, ११ ऑक्टोबर १९१० रोजी, सर अ‍ॅडम बेक यांच्या प्रयत्नाने नायगराची वीज ओंटारिओच्या बर्लिन गावात, म्हणजे आजच्या किचनरमध्ये पोचली. इथले लोक विजेच्या बिलाला 'हायड्रो बिल' म्हणतात ते या पाण्यामुळे. वीज घरात आली तशी आगीची भीतीही आली. १९२७ मध्ये देशभरासाठी कॅनेडियन इलेक्ट्रिकल कोडची पहिली आवृत्ती निघाली. ती काढणारी संस्था १९१९ ची. १९४४ मध्ये तिचे नाव कॅनेडियन स्टँडर्ड्स असोसिएशन झाले. हीटरवर आपण शोधतो तो सीएसएचा शिक्का तिचाच.

१९७३ च्या तेलसंकटानंतर तेलाच्या भट्ट्या महाग पडू लागल्या आणि विजेच्या हीटरांचे दिवस आले. क्यूबेकमध्ये तर आज बहुसंख्य घरे विजेवरच तापतात. नेमक्या याच सुमारास एक वेगळी गोष्ट घडत होती. तांबे महागल्यामुळे साधारण १९६५ पासून सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत अनेक नव्या घरांत अ‍ॅल्युमिनियमच्या तारा घातल्या गेल्या. आपल्यापैकी अनेकांची उपनगरांतली घरे याच काळातली आहेत.

अ‍ॅल्युमिनियमवरही ऑक्साइडचा थर बसतो, पण तो वीज वाहू देत नाही. शिवाय ही धातू मऊ आहे आणि तापल्यावर तांब्यापेक्षा जास्त फुगते. तापणे-निवणे वर्षानुवर्षे चालू राहिले की स्क्रूखालचा जोड सैल होतो, सैल जोड तापतो आणि तापला की आणखी सैल होतो. तक्रारी इतक्या वाढल्या, की ओंटारिओ सरकारने चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष होते भूगर्भशास्त्रज्ञ जे. टुझो विल्सन. अ‍ॅल्युमिनियमची तार मुळात वाईट नाही, जोड तिला साजेसा हवा, हेच आजही मानले जाते. ऑक्साइड तोच, पण तारेच्या अंगावर तो राखणदार ठरतो आणि जोडात शिरला की घरभेदी.

हा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच, की शंभर वर्षांत शेगडी सुधारली, पण धोका संपला नाही. तो शेगडीतून निघून भिंतीतल्या जोडात जाऊन बसला. हीटर तासन् तास पूर्ण भाराने चालतो, त्यामुळे कच्चा जोड तो बरोबर शोधून काढतो.

१५०० वॅटचा हीटर १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर घेतो, २४० व्होल्टवर सव्वासहा. प्रवाह निम्मा झाला की त्याच जोडातली उष्णता चौथाईवर येते. म्हणून भिंतीवर कायमचा बसवायचा हीटर शक्यतो २४० व्होल्टचा घ्यावा आणि त्याला स्वतंत्र सर्किट द्यावे. मात्र १२० व्होल्टचा हीटर चुकून २४० वर जोडला तर तो चौपट शक्ती खेचेल. तेव्हा पाटी वाचल्याशिवाय तारेला हात लावू नये. थर्मोस्टॅट बंद केला म्हणजे वीज गेली असेही समजू नये. २४० व्होल्टच्या हीटरमध्ये एक तार जिवंत राहू शकते. ब्रेकर पाडूनच काम करावे आणि वीज गेल्याची मीटरने खात्री करावी. बेसबोर्ड हीटरच्या बरोबर वर प्लगपॉइंट नसावा, कारण लोंबणारी वायर त्यावर भाजते. पडदे, पलंग आणि वाळत घातलेले कपडे दूर ठेवावेत.

घर १९६५ ते १९७८ च्या दरम्यानचे असेल तर तारा कशाच्या आहेत हे आधी इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावे. क्यूबेकमध्ये हे काम परवानाधारकानेच करायचे असते. ओंटारिओत घरमालकाला स्वतः करता येते, पण इलेक्ट्रिकल सेफ्टी अथॉरिटीला कळवावे लागते. १९९९ पासून तपासणी तिच्याकडे आहे. शे-दोनशे डॉलर वाचवायला ही तपासणी टाळण्याचा मोह होतो, हे मी ऐकून आहे. पण त्या खोलीत आपले आई-बाबा दार लावून झोपणार आहेत, आणि मध्यरात्री जळका वास आला तर कुठला ब्रेकर पाडायचा हे त्यांना ठाऊक नसते. तो त्यांना दाखवून ठेवावा, खोलीबाहेर धुराचा अलार्म लावावा, आणि मग हीटर खुशाल चालू करावा.