टाकणखार: मुशीतून कुंकवात, कुंकवातून क्रीममध्ये



थंडी पडली की हातपाय उलतात आणि बचत गटाच्या बैठकीत क्रीमचा विषय निघतो. मागच्या हिवाळ्यात आमच्या एका गटाने घरीच कोल्ड क्रीम करून विकायचं ठरवलं. मोबाईलवर कृती मिळाली: मेण, तेल, पाणी आणि थोडा टाकणखार. टाकणखाराची पुडी आणली आणि ठेवली ती पापडखाराच्या पुडीशेजारी! दोन्ही पांढरे, एकीवरही नाव नाही. एका मावशींनी वेळीच हटकलं म्हणून निभावलं. तेव्हाच ठरवलं, टाकणखाराची गोष्ट एकदा तुम्हाला सांगायची.

टाकणखार म्हणजेच सवागी, संस्कृतात टंकण. लडाखच्या पुगा खोऱ्यात आणि तिबेटच्या सरोवरांकाठी हा खार आपोआप जमतो. पूर्वी मेंढ्यांच्या पाठीवर लहान पिशव्या लादून तो हिमालयापलीकडून खाली आणत. पुढे तो युरोपपर्यंत जाई. तिकडचं 'टिंकल' हे नाव आपल्या टंकणावरूनच पडलं. एकोणिसाव्या शतकात आधी इटलीतून आणि मग अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातून हा माल येऊ लागला, तसा मेंढ्यांचा व्यापार मागे पडला.

आपल्या भागात टाकणखार सगळ्यात जास्त ठाऊक असेल तो गलाईवाल्यांना. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली किती तरी कुटुंबं सोनं-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पसरली आहेत. मुशीत टाकणखार टाकला की तो वितळून धातूवरची घाण आपल्याकडे ओढून घेतो.

दुसरा उपयोग आपल्या कपाळावरचा. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत ही हळद साठवली जायची. याच हळदीचं कुंकू कसं होतं? जुन्या पद्धतीत हळकुंडांना लिंबाचा रस आणि टाकणखार लावून ती वाळवतात आणि दळतात. हळदीला चुना लावला तरी ती लाल होते, पण वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी पडते. टाकणखार आणि लिंबू एकत्र लावून वाळवलं की वेगळाच लाल रंग तयार होतो. प्रयोगशाळेतसुद्धा बोरॉन ओळखायला हळदीचा कागद वापरतात. आपल्या आज्यांनी मात्र हे पुस्तक न वाचताच साधलं होतं.

तिसरा उपयोग क्रीमचा. मधमाशीच्या मेणात टाकणखाराचं पाणी घातलं की थोडा साबण तयार होतो आणि तेल-पाणी एकजीव राहतं. जुन्या कोल्ड क्रीमचं गुपित हेच. टाकणखारापासूनच बोरिक अ‍ॅसिड बनतं. १९२९ साली कलकत्त्यात गौरमोहन दत्त यांनी बोरोलीन काढलं, त्यातही ते होतं. विलायती क्रीमला तो स्वदेशी पर्याय होता.

मग यात भीती कसली? टाकणखार कपाळाला चालला म्हणून पोटात चालत नाही. तोंड आलं की बाळाच्या जिभेला मधातून टाकणखाराची लाही लावायची पद्धत आपल्याकडे आहे. १९८३ साली डॉक्टरांनी सात बाळांची हकिगत छापली. त्यांच्या चोखणीला मध आणि टाकणखार लावला जात होता आणि बाळांना झटके येत होते. ते लावणं थांबवल्यावर झटके थांबले. जखमेतून, सोललेल्या कातडीतूनही तो अंगात भिनतो. युरोपात सौंदर्यप्रसाधनांमध्ये त्याच्या वापरावर बंदी आहे.

म्हणून तीन गोष्टी गाठीला बांधा. टाकणखार स्वयंपाकघरात ठेवू नका, डब्यावर ठळक नाव लिहा. पापडात, खाण्यात तो कायद्यानंही चालत नाही. बाळाच्या तोंडाला लावू नका, तोंड आलं तर दवाखाना गाठा. आणि क्रीम विकायचं असेल तर आधी अन्न व औषध प्रशासनाचा परवाना घ्या.

आमच्या गटानं क्रीम सध्या बाजूला ठेवलंय. पापड मात्र जोरात चाललेत, आणि आता त्यांच्या प्रत्येक डब्यावर नाव आहे. तुमच्या घरातल्या बिननावाच्या पुड्या आज एकदा उघडून बघाल ना?