कणा आणि कसरत

पुण्याहून साताऱ्याच्या वाटेनें निघालेला प्रवासी वरवे बुद्रुक मागें टाकून तसाच दक्षिणेस गेला, म्हणजे कऱ्हाडापलीकडे पेठ-इस्लामपूरचा मुलूख लागतो. मुरलीकांत पेटकर हे तेथले. सैन्यांत ते मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धांत त्यांच्या कण्यांत गोळी शिरली आणि पाय लुळे पडले.

अशा रोग्यानें निश्चल पडून राहावें, ही वैद्यकाची जुनी समजूत. डॉ. लुडविग गुटमन यांनीं १९४४ पासून इंग्लंडांत स्टोक मँडेव्हिल येथें ती मोडली. खेळ हेंच त्यांनीं औषध ठरविलें. पेटकरांनींही पाण्याचा आश्रय केला, आणि १९७२ सालीं हायडेलबर्ग येथें अपंगांच्या ऑलिंपिकांत ५० मीटर पोहण्याचें सुवर्णपदक जिंकलें.

त्याच वर्षीं, त्याच देशांत, म्युनिक येथें कारिन यान्त्स या पूर्व जर्मन तरुणीनें कसरतींत दोन सुवर्णपदकें मिळविलीं. पुढें शस्त्रवैद्य होऊन, कूर्ट शेलनाक यांच्यासह, त्यांनीं मणक्यांमधील कृत्रिम चकती सिद्ध केली. १९८४ सालीं पूर्व बर्लिनच्या शारिटे रुग्णालयांत ती प्रथम बसविली गेली. झिजलेल्या चकतीपायीं मणके कायमचे सांधून टाकण्याऐवजीं कण्याची लवचिकता राखावी, हा तिचा हेतु.

पेटकरांची जखम निराळी, चकतीची झीज निराळी. नियम मात्र एकच. चकती बसली म्हणजे रोगी बरा झाला, असें नव्हे. आधीं बेताचें चालणें, मग पोटापाठीच्या स्नायूंचा व्यायाम, आणि आरंभीं वांकणें व ओझें उचलणें वर्ज्य, असा क्रम कित्येक आठवडे चालतो. शस्त्रवैद्य चकती देतो. चाल रोग्यानेंच कमवावयाची असते.