बालपणीचे शोषण आणि प्रौढ वयातील दुःख : कारण ओळखा, दोष देऊ नका

"लहान होतं लेकरू, त्याला काय आठवणार?" असे म्हणून अनेक घरांत मुलांवरील अत्याचार झाकला जातो. पण मूल विसरत नाही. वडिलांना भेटायला निघालेल्या लहानग्या भीमाला मसूर स्थानकावर उतरल्यानंतर जातीमुळे अपमान आणि तहान सोसावी लागली. तो प्रसंग बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये कित्येक वर्षांनी बारीकसारीक तपशिलांसह लिहिला. मग जिथे सुरक्षित वाटायला हवे त्या घरातच जखम झाली असेल, तर ती किती खोल जात असेल?

मारहाण, लैंगिक अत्याचार, सततचा मानसिक छळ आणि मूलभूत गरजांकडे दुर्लक्ष ही बालशोषणाची चार मुख्य रूपे आहेत.

प्रश्न किती मोठा?

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतील १२,४४७ मुलांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. दर तीनपैकी दोन मुलांनी शारीरिक छळ सोसला होता. ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला आणि त्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते. त्यामुळे हा फक्त मुलींचा प्रश्न आहे, हा समज चुकीचा ठरतो. अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचा, विश्वासातला माणूस असतो.

मोठेपणी काय परिणाम होतात?

अमेरिकेतील डॉ. व्हिन्सेंट फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट अँडा यांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. शोषण, आईला होणारी मारहाण, घरातील व्यसन अशा चार किंवा अधिक प्रकारच्या आघातांतून गेलेल्या प्रौढांमध्ये दारू व अमली पदार्थांचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट आढळला. हृदयविकार आणि यकृताच्या आजारांशीही संबंध दिसला. धोका वाढतो म्हणजे तसे घडतेच, असे मात्र नाही.

यामागे शरीराचे कारण आहे. सतत भीतीत वाढणाऱ्या मुलाचा मेंदू कायम सावध राहायला शिकतो. ताणाची संप्रेरके वारंवार वाढतात. धोका संपला तरी ही सवय सुटत नाही. म्हणून मोठेपणी पुढील लक्षणे दिसू शकतात :

- झोप न लागणे, वाईट स्वप्ने, कारण न सापडणारी डोकेदुखी व पोटदुखी
- अचानक संताप किंवा पूर्ण बधिरपणा
- "चूक माझीच होती" ही लाज
- जवळच्या माणसावरही विश्वास न बसणे, स्पर्शाची भीती

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात अशा दीर्घ आघातानंतरच्या विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. हा मनाचा कमकुवतपणा नव्हे. योग्य समुपदेशनाने आणि गरज असल्यास औषधांनी माणसे सावरतात.

धम्म काय सांगतो?

"पूर्वजन्मीचे भोग" हे उत्तर आपण देऊ नये. मागील जन्मीच्या कर्माचा सिद्धांत बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारला आहे. दुःखाला कारण असते आणि इथे ते कारण अत्याचार करणाऱ्याच्या कृत्यात आहे, मुलाच्या नशिबात नाही.

सल्ल सुत्तात बुद्धांनी दोन बाणांचे उदाहरण दिले आहे. पहिला बाण वेदनेचा, दुसरा त्या वेदनेमुळे होणाऱ्या मानसिक तळमळीचा. पीडिताला हा दुसरा बाण पुष्कळदा आपणच मारतो : "आधी का सांगितलं नाहीस?", "घराण्याची अब्रू जाईल", "मैत्रीभावना ठेव, माफ कर". मैत्री म्हणजे अन्यायावर पांघरूण घालणे नव्हे.

ध्यानाबाबतही सावध राहावे. आनापानसतीने अनेकांना स्थैर्य मिळते. पण काहींना डोळे मिटून दीर्घ मौनात बसल्यावर जुने प्रसंग उफाळून येतात. अशा व्यक्तीने शिबिराला जाण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे, आचार्यांना कल्पना द्यावी आणि त्रास वाढल्यास थांबावे. ध्यान हा उपचाराला पर्याय नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

कोणी विश्वासाने सांगितले तर शांतपणे ऐका. तपशील खोदून विचारू नका. "माझा तुझ्यावर विश्वास आहे, यात तुझा दोष नाही" एवढे स्पष्ट सांगा. प्रौढ व्यक्तीच्या परवानगीशिवाय तिची गोष्ट विहारात, समितीत किंवा व्हॉट्सॲप गटात नेऊ नका. तक्रार करायची की नाही, हा निर्णय तिचा असू द्या. मंत्रालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे, बालपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराची तक्रार मोठेपणीही करता येते.

पीडित आज १८ वर्षांखालील असेल तर गोष्ट वेगळी. पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. पंचांसमोर किंवा विहार समितीत आपसांत मिटवण्याचा हा विषय नाही. मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आधारासाठी टेली-मानस १४४१६ हे क्रमांक प्रत्येक विहाराच्या फलकावर लावावेत.

रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटे या विषयावर बोलले, तरी सभागृहात गप्प बसलेल्या एखाद्याला प्रथमच कळेल की आपण एकटे नाही.