सरहद्दीवरचा मैल

नववीच्या वर्गात 'मैलाचा दगड' हा वाक्प्रयोग शिकवत होतो. एका मुलाने विचारलं, "सर, मैल म्हणजे नक्की किती?" उर्दूत आपण 'संग-ए-मील' म्हणतो, मराठीत मैलाचा दगड. पण या मुलांनी रस्त्यावर मैल कधी पाहिलेलाच नाही. १९५६च्या कायद्याने भारताने मेट्रिक पद्धत स्वीकारली, पुढे रस्त्यांवरून मैल गेले आणि भाषेत तेवढे उरले. मी फळ्यावर १.६ किलोमीटर लिहिलं. घरी येताना मात्र आयर्लंडची सरहद्द आठवत राहिली.

१९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली. उत्तरेचे सहा परगणे ब्रिटनकडे राहिले, बाकीचा देश पुढे स्वतंत्र झाला. मधली सरहद्द सुमारे ५०० किलोमीटरची आणि तिला ओलांडणारे रस्ते दोनशेहून अधिक. १९२३ पासून तिथे जकातीच्या चौक्या बसल्या. १९६९ नंतरच्या हिंसाचाराच्या काळात लष्कराचे पहारे आले, कित्येक लहान रस्ते सैन्याने सुरुंगाने उडवून बंद केले. शेजारच्या गावी जायला लोकांना लांबचा वळसा पडू लागला. १९९३ मध्ये युरोपची एकल बाजारपेठ झाली आणि जकातनाकी उठली. १९९८च्या गुड फ्रायडे करारानंतर हळूहळू टेहळणीचे मनोरेही उतरवले गेले.

आज डब्लिनहून बेलफास्टला गाडीने जाताना डंडाक आणि न्यूरी यांच्या मध्ये देश बदलतो. कोणी अडवत नाही. कडेची पिवळी रेघ पांढरी होते आणि पाट्यांवरचे किलोमीटर मैल होतात. सरहद्द कळते ती एवढ्यावरूनच.

आयर्लंडने अंतराच्या पाट्या १९७०च्या दशकापासून किलोमीटरमध्ये लावायला सुरुवात केली, पण वेगमर्यादा मैलांतच राहिली. एकाच रस्त्यावर अंतर किलोमीटरमध्ये आणि वेग मैलांत, असा कारभार कित्येक वर्षे चालला. २० जानेवारी २००५ रोजी देशभरातल्या वेगमर्यादा किलोमीटरमध्ये बदलल्या. ब्रिटननेही रस्त्यांवरचं मेट्रिकीकरण ठरवलं होतं, पण १९७० मध्ये ते पुढे ढकललं, आणि ते आजतागायत झालेलं नाही.

आता यातला धोका पाहा. दक्षिणेतला चालक उत्तरेत गेला आणि ३०ची पाटी त्याने किलोमीटर समजून वाचली, तर तो फार तर सावकाश जाईल, मागचे हॉर्न वाजवतील. पण उत्तरेतला चालक दक्षिणेत आला आणि गावातल्या ५०च्या पाटीला मैल समजला, तर तो ताशी ८० किलोमीटरने शिरेल. रस्ता ओलांडणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हा फरक जीवनमरणाचा आहे. म्हणूनच आयर्लंडच्या नव्या पाट्यांवर आकड्याखाली एककही छापलेलं असतं. ब्रिटनच्या वेगमर्यादेच्या पाटीवर नुसता आकडा असतो. त्यामुळे सरहद्दीपाशी उत्तरेकडे 'वेगमर्यादा मैलांत' असं सांगणारी वेगळी पाटी लावावी लागते.

यात एक गंमतही आहे. उत्तरेत आज जो मैल आहे, तो मुळात आयर्लंडचा नव्हेच. जुना आयरिश मैल २२४० यार्डांचा, इंग्रजी मैल १७६० यार्डांचा. अकरा आयरिश मैल म्हणजे चौदा इंग्रजी मैल. १८२४च्या कायद्याने सगळीकडे इंग्रजी मापं लागू झाली, तरी लोकांच्या बोलण्यात आयरिश मैल त्यानंतरही बराच काळ टिकला. म्हणजे आज ज्याला काही जण आपली परंपरा म्हणून जपतात, तेही कधीतरी वरून आलेलं माप होतं.

ब्रेक्झिटच्या वाटाघाटींत सर्वांत मोठा पेच याच सरहद्दीचा होता. पुन्हा चौक्या बसल्या तर जुन्या जखमा उघड्या पडतील, ही भीती दोन्हीकडे होती. २०२० मध्ये ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं, पण या रस्त्यांवर नाकी आली नाहीत. आपल्याकडे म्हणतात, दर बारा कोसांवर भाषा बदलते. तिथे शंभर पावलांवर माप बदलतं, आणि माणसं ते सहज सोसतात, कारण त्यांनी बंद रस्ते पाहिलेले आहेत.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात ही गोष्ट सांगितली. गणिताच्या पेपरात एकक लिहिलं नाही की अर्धा गुण का कापतात, हे मुलांना त्या दिवशी पटलं असावं.